सेकंड हँड जुकी घेताय? आधी बंद मशीनचं चाक हाताने फिरवा

ताई, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. बचत गटातल्या पाच जणी मिळून पलूसमध्ये गणवेश शिवायचं काम सुरू करताय, कुपवाडला एकजण तीन जुकी ८७०० (कारखान्यातली सरळ शिलाईची पॉवर मशीन) आणि एक पाच दोऱ्याची ओव्हरलॉक (कापडाची कड कापून शिवणारी मशीन) देतोय, "चालू कंडिशन, नवा पेंट, नुसतं न्यायचं आणि शिवायला बसायचं" असं म्हणतोय, आणि तुमच्यापैकी कुणालाच मशीनच्या आतलं काही कळत नाही, तर जाऊन बघायचं काय. मी गेली एकतीस वर्षं सांगली-मिरजेत हेच काम करतोय, शिलाई मशीन खोलायची आणि बसवायची, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो. पैसे गटाचे आहेत, कर्जाचे असतील, म्हणून घाई करू नका, शनिवारपर्यंत टोकन द्यायला सांगितलंय म्हणालात, त्याला म्हणावं आधी मशीन बघू मग टोकन.

पहिली गोष्ट म्हणजे जुनी इंडस्ट्रियल मशीन घेणं यात वाईट काहीच नाही. चांगली जुकी तेल वेळेवर मिळालं तर वीस-वीस वर्षं चालते, माझ्याकडे सर्व्हिसला येणाऱ्यातल्या कित्येक तशाच आहेत. पण जुन्या मशीनमध्ये झीज दोन प्रकारची असते आणि सगळा व्यवहार त्या फरकावर ठरतो. एक झीज म्हणजे बाहेरच्या बदलता येणाऱ्या पार्टची, म्हणजे सुईपट्टी (सुईखालची भोकाची पट्टी), दाते (कापड पुढे सरकवणारे), फूट (कापड दाबून धरणारा), शटल (खालचा दोरा गुंफणारं), बॉबिन केस, पट्टा. हे सगळं सांगलीत मिळतं, अर्ध्या दिवसात बसतं. दुसरी झीज हेडच्या, म्हणजे टेबलावर बसणाऱ्या मुख्य मशीनच्या, अंगातली, म्हणजे मेन शाफ्टचे बुश (शाफ्ट ज्यात फिरतो त्या धातूच्या नळ्या), सुई धरणाऱ्या सुईदांडीचा बुश, आतले गिअर, दाते हलवणारी यंत्रणा. ती झाली असेल तर मशीन स्वस्त मिळूनही महागात जातं, कारण एक बुश बदलला की शेजारचा बोलायला लागतो. विकणारा तुम्हाला पहिल्या प्रकारातलं सगळं नवं करून चकाचक दाखवणार. तुम्ही दुसऱ्या प्रकारातलं शोधायचं.

आता जायच्या आधी फोनवर सांगून ठेवा की आम्ही येईपर्यंत मशीन चालू करू नका, थंड पाहिजे. बरेच जण गिऱ्हाईक यायच्या आधी अर्धा तास मशीन पळवून ठेवतात, तेल सगळीकडे पोचलेलं असतं, आवाज मऊ येतो. थंड मशीन पहिल्यांदा चालू करताना जो आवाज येतो तो खरा. आणि सोबत काय न्यायचं ते लिहून घ्या, दोन रंगाचा दोरा, म्हणजे वर लाल आणि खाली पांढरा असा, तुमच्या गणवेशाचं खरं कापड शर्टचं आणि पँटचं दोन्ही, पांढऱ्या कापडाचा एक हातभर तुकडा, वहीचं कोरं पान, पट्टी, मोबाईलची टॉर्च आणि नव्या सुया. जुकी ८७०० ला डीबीएक्स१ सुई लागते, शर्टाच्या कापडाला ११ नंबर आणि पँटला १४ नंबर घ्या. त्याचं कापड आणि त्याचा दोरा वापरून टाका बघायचा नाही, कारण त्या कापडाला तो सकाळपासून दोऱ्याचं टेन्शन, म्हणजे ताण, लावून बसलेला असतो.

सुईवरूनच एक ओळख सांगतो. कधी कधी टेलरच्या साध्या मशीनला मोटर जोडून तिला "इंडस्ट्रियल" म्हणून विकतात. घरगुती मशीनच्या सुईचा वरचा दांडा एका बाजूने चपटा असतो, डीबीएक्स१ चा दांडा पूर्ण गोल असतो. शिवाय खरी इंडस्ट्रियल मशीन मागे कलली की खाली तेलाचा ट्रे दिसतो, त्यात तेल उभं असतं आणि पंप ते वर खेचतो, आणि गुडघ्याने फूट उचलायची दांडी असते. तेलाचा ट्रेच नसेल आणि ठिकठिकाणी भोकात तेल सोडायचं असेल तर ती ८७०० नाही, पाटीवर काहीही लिहिलेलं असू दे.

पाटीचं पण सांगतो, कारण आपल्याकडे "जुकी" हा शब्द आता कुठल्याही पॉवर मशीनला वापरतात, जसं कुठल्याही वनस्पती तुपाला डालडा म्हणतात तसं. जुकी ही जपानी कंपनी, १९३८ पासूनची, आणि तिचे कारखाने चीनमध्येही आहेत, म्हणून पाटीवर चीन दिसलं म्हणजे नकली असं नसतं. पण ८७०० च्या अंगकाठीची हुबेहूब मशिनं बऱ्याच चिनी कंपन्या बनवतात, आणि त्यावर जुकीचा स्टिकर लावणारे आहेत. बघायचं काय, तर मॉडेल आणि सिरियल नंबरची पाटी. पाटी नवी आणि आजूबाजूचा पेंट पण नवा, नंबर खरडलेला, तीन मशिनांच्या पाट्या तीन तऱ्हेच्या अक्षरात, असं दिसलं तर जुकीचा भाव द्यायचा नाही. चिनी मशीन म्हणजे टाकाऊ असं मी म्हणत नाही, गणवेशाला ती व्यवस्थित चालतात आणि कितीतरी पार्ट एकमेकांना बसतात, फक्त चिनीचा भाव चिनीसारखा असावा. आणि नुसतं ८७०० आहे की ८७०० च्या पुढे एच लिहिलंय ते वाचा. साधी हलक्या-मध्यम कापडाची, मिनिटाला जास्तीत जास्त ५,५०० टाक्यांची. एच जाड कापडाची, तिची सुईदांडी ३५ मिमी वरखाली होते, साधीची ३०.७ मिमी. शर्ट-पँटला साधीच बरी. एच वर पातळ शर्टिंग शिवलं की चुण्या पडतात आणि मग दोष तुमच्या हाताला लागतो.

बरं, आता मशीनसमोर उभ्या राहिलात. स्विच बंद, प्लग काढलेला. पट्टा उतरवायला सांगा. तो कुरकुरेल, पण एका मिनिटाचं काम आहे. पट्टा उतरला की मोटरचा अडथळा गेला, आता फूट वर उचलून, दोरा काढून टाकून, हाताने चाक तुमच्याकडे हळू फिरवा, एकदम सावकाश, चार-पाच फेरे. चाक लोण्यासारखं फिरलं पाहिजे. प्रत्येक फेऱ्यात एकाच जागी जड लागत असेल तर आत काहीतरी वाकलेलं, घासणारं किंवा चुकीचं बसवलेलं आहे. सगळीकडेच जड लागत असेल तर तेल चिकट झालंय. ते बऱ्याचदा खोबरेल तेलाने होतं, आपल्याकडे गावात अजून मशीनला खोबरेल घालणारे आहेत, ते थंडीत गोठतं, काही महिन्यांत चिकट होतं आणि बुशात डिंकासारखं बसतं. ते रॉकेलने धुवून निघतं, त्यावरून मशीन नाकारायचं कारण नाही, भाव मात्र कमी करता येतो.

मग चाक दोन्ही हातांनी धरून आतबाहेर ढकला, फिरवायचं नाही, शाफ्टच्या रेषेत ढकलायचं-ओढायचं. टक् असं हललं तर मेन शाफ्टला प्ले, म्हणजे ढिलेपणा, आहे. केसभर असेल तर स्क्रूने बसतं कधीकधी, बोटाला स्पष्ट जाणवेल इतकं असेल तर सोडा. त्यानंतर सुईदांडी. चाक फिरवून सुई सगळ्यात खाली आणा, दांडी चिमटीत धरा आणि पुढेमागे, डावीउजवीकडे हलवून बघा. नवीन मशीनमध्ये ती भिंतीत पुरल्यासारखी वाटते. जुन्यात अगदी किंचित हालचाल चालेल. पण डोळ्याला दिसेल इतकी हालत असेल तर खालचा बुश गेलेला, आणि तिथूनच तेल गळून कापडावर येतं. गणवेशाचा शर्ट पांढरा असतो हे लक्षात ठेवा, रोज दोन शर्टाला तेलाचे डाग पडले तर महिन्याचा हिशोब तुम्हीच करा.

आणखी एक तपासणी आहे जी फार कमी लोक करतात आणि विकणाऱ्याला अजिबात आवडत नाही. मशीन मागे कलवा, खाली शटल दिसेल. एका बाईने वरचं चाक घट्ट धरायचं, हलू द्यायचं नाही, आणि दुसरीने शटल बोटात धरून थोडं पुढेमागे फिरवायचा प्रयत्न करायचा. ८७०० मध्ये वरच्या शाफ्टकडून खालच्या शटलपर्यंत ताकद तिरप्या दात्यांच्या गिअरमधून येते. चाक स्थिर असताना शटल खडखड हललं तर ते गिअर झिजलेत. अशा मशीनचं टायमिंग, म्हणजे सुई आणि शटलचा मेळ, आज बसवलं तरी पंधरा दिवसांनी टाके सोडणार, आणि मेकॅनिक येऊन परत बसवून पैसे घेऊन जाणार. माझ्या दृष्टीने या एका टेस्टमध्ये नापास झालेलं मशीन फुकट दिलं तरच घ्यावं, पार्ट काढायला.

मशीन कललेलंच आहे तर ट्रे बघा. तेल पाण्यासारखं स्वच्छ असेल तर नुकतंच बदललंय, त्यावरून काही कळत नाही. म्हणून ट्रेच्या तळाशी बोट फिरवा, कोपऱ्यात, गाळणीच्या आसपास. काळं तेल चालतं, पण बोटाला चमकणारी बारीक भुकटी लागली तर ते धातूचं पीठ आहे, म्हणजे आत काहीतरी खाल्लं जातंय. आणि ट्रे कोरडा ठणठणीत असेल तर त्याला विचारा की मग दाखवायला चालवता कशात, कारण तेलाशिवाय पळवलेलं मशीन म्हणजे बिनपाण्याची मोटर, जळायला वेळ लागत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे फक्त आपल्या भागातल्या माणसाला सांगावं लागतं. पूर. तुम्ही पलूसच्या, भिलवडी-औदुंबरकडचं पाणी तुम्ही बघितलेलं आहे, तुम्हाला वेगळं काय सांगू. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, मारुती रोड, हरभट रोड, गणपती पेठ सगळं पाण्यात, आणि मग २०२१ ला परत. त्या पाण्यात किती शिलाई मशिनं बुडाली त्याची गणतीच नाही. ज्यांनी आठ दिवसांत हेड उतरवून रॉकेलमध्ये धुतली त्यांची वाचली, मी स्वतः त्या वर्षी गणपतीपर्यंत रात्री दोन-दोन वाजेपर्यंत धुत बसायचो. ज्यांनी तशीच ठेवली ती भंगारात गेली, आणि भंगारातून काही जणांनी उचलून पेंट मारून परत बाजारात आणली. त्यातली अजून फिरतात.

एक गिऱ्हाईक २०२० च्या उन्हाळ्यात माझ्याकडे असं एक हेड घेऊन आलं, महिनाभरापूर्वीच घेतलेलं, वरून आरशासारखं. तक्रार एवढीच की चालता चालता जड होतंय. मी डाव्या बाजूची फेस प्लेट, म्हणजे सुईदांडीवरचं झाकण, काढली, वरचे सगळे पार्ट पुसलेले, चकचकीत. मग सुईदांडीच्या मागच्या कोपऱ्यात, जिथे फडकं पोचत नाही, तिथे स्क्रू ड्रायव्हरचं टोक घालून खरवडलं तर टोकावर करड्या रंगाचा गाळ आला, वाळलेला, बोटात चुरला की पिठासारखा. कृष्णेचा गाळ आहे तो, लहानपणापासून घाटावर बघितलेला, ओळखायला काय लागतंय. ते मशीन मी खोललं आणि वरच्या शाफ्टवर गंजाचे खड्डे होते, तांदळाच्या कणीएवढे. त्याला सांगायला मला जीवावर आलं की याचं काही होणार नाही.

म्हणून पूर शोधायचा तो असा. फेस प्लेट उघडायला लावा, तीन-चार स्क्रू असतात. टॉर्च मारून कोपरे बघा, स्प्रिंगचे वेढे बघा, स्क्रूच्या डोक्यातली खाच बघा. स्प्रिंगच्या वेढ्यांत तांबूस रेषा, स्क्रूच्या खाचेत माती, आणि स्क्रूवरसुद्धा मारलेला पेंट, यातलं काही दिसलं की थांबा. कारखान्यात कुणी स्क्रूवर पेंट मारत नाही, पेंट आधी आणि स्क्रू नंतर. टेबलाची खालची बाजू पण बघा, प्लायवूड फुगून त्याचे थर सुटलेले असतील तर त्या टेबलाने पाणी पाहिलंय. फक्त टेबल बदललेलं असू शकतं, म्हणून टेबल चांगलं आहे यावरून हेड चांगलं असं धरू नका.

एवढं सगळं नीट निघालं तर पट्टा चढवा आणि पहिल्यांदा चालू करा. लगेच शिवायचं नाही, फूट उचलून मोकळी चालवा, आधी हळू मग जोरात. वर एक छोटी काचेची खिडकी असते, तिच्यात तेल उडताना दिसलं पाहिजे. उडत नसेल तर तेल कमी, नाहीतर गाळणी तुंबलेली, नाहीतर पंप गेलेला. आवाज एकसारखा भिंगरीसारखा यायला पाहिजे. ठराविक अंतराने टक-टक-टक आला तर लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक हेडवर टेकवा आणि मूठ कानाला लावा, डॉक्टरच्या नळीसारखं, जागा बदलत जा. शटलकडून येणारी टकटक बहुतेक स्वस्तात सुटते. वरून मध्यभागातून किंवा चाकाच्या बाजूने येणारी धडधड स्वस्तात सुटत नाही. आणि सलग पंधरा मिनिटं चालवा, तो म्हणेल पाच मिनिटं बास, तुम्ही पंधरा म्हणा. मग चाकाच्या जवळ आणि सुईदांडीच्या वर हात लावा. कोमट लागलं तर ठीक, हात ठेवता येईना इतकं तापलं तर बुश कोरडा चाललाय. चालू असतानाच सुईखाली पांढरा तुकडा धरून शिवत राहा, शेवटी उन्हात नेऊन तेलाचे ठिपके बघा.

टाका बघायचं काम दोन टप्प्यात. आधी दोरा न घालता वहीच्या पानावर चालवा. टाक्याची लांबी ३ वर ठेवा, सरळ रेघ मारल्यासारखं शिवा. भोकं गोल, एका रेषेत, सारख्या अंतरावर पडली पाहिजेत. दहा टाक्यांचं अंतर पट्टीने मोजा, साधारण ३० मिमी यायला पाहिजे. भोकं फाटलेली, लांबट किंवा डावीउजवीकडे नाचत असतील तर आधी सुई बदला, नवी सुई लावूनही तसंच असेल तर सुईदांडी ढिली. मग रिव्हर्सचा दांडा दाबून त्याच रेषेवर मागे या. मागची भोकं पुढच्या भोकांवरच जवळपास पडली तर दात्यांची यंत्रणा ठीक आहे. पुढे ३ आणि मागे २ असं होत असेल तर ते ॲडजस्ट होतं, पण तिथल्या तिथे करायला लावा, नुसतं तोंडी ऐकून घेऊ नका. मी हे पान जपून ठेवायला सांगतो प्रत्येकाला, तीन मशिनांची तीन पानं शेजारी ठेवली की कुठलं मशीन चांगलं ते तुम्हाला मेकॅनिकशिवाय दिसेल.

त्यानंतर लाल-पांढरा दोरा घालून तुमचं कापड शिवा. वरून पांढरा दिसता कामा नये, खालून लाल दिसता कामा नये. दिसला तर टेन्शन कमीजास्त आहे, ते फिरवून बसतं. पण टाका सुटत असेल किंवा दोरा तुटत असेल तर शटल बघायला लागतं. सुईपट्टी आणि बॉबिन केस काढा, टॉर्च मारा, शटलचं टोक शोधा, विळ्याच्या टोकासारखं असतं. त्यावर नख फिरवा, खाच लागली, टोक बोथट दिसलं, तर सुई आपटलेली आहे. सुईपट्टीच्या भोकाभोवती पण ओरखडे दिसतील, दोन्ही एकाच पापाच्या खुणा. शटल नवं बसतं, हिरोसे कंपनीचं बसवलं तर बरीच वर्षं बघायला नको, फक्त सुईपासून शटलच्या टोकाचं अंतर ०.०४ ते ०.१ मिमीच्या मध्ये पाहिजे, म्हणजे कागदाच्या जाडीइतकं, ते काम हात बसलेल्या माणसाकडून करून घ्या. दात्यांची टोकं पांढरी आणि सपाट दिसली तर तेही बदलायचे. याचा खर्च लिहून ठेवायचा आणि किमतीतून वजा करायचा, एवढंच. पँटच्या कापडाचे चार पदर, मग आठ पदर, जिथे शिवणीवर शिवण येते तसं मुद्दाम घालून बघा, तिथे मशीन अडखळून टाका सोडतं का ते कळतं.

मोटरबद्दल कुणीच विचारत नाही आणि फसतात तिथेच. बंद पडलेल्या मोठ्या गारमेंट युनिटमधून आलेल्या मशिनांना बऱ्याचदा थ्री फेज मोटर असते, ४१५ व्होल्टची. तुमच्या घरात किंवा समाजमंदिराच्या खोलीत सिंगल फेज. कुपवाडच्या एमआयडीसीतल्या गाळ्यात थ्री फेज आहे, तिथे मशीन झकास चालणार आणि पलूसला नेल्यावर मुंगीसुद्धा हलणार नाही. कपॅसिटर टाकून चालवता येतं असं म्हणतील, येतं, पण ताकद कमी होते आणि मोटर तापते. तासगावच्या एका टेलरने अशी चार मशिनं नेली होती, शेवटी चारही मोटरी बदलाव्या लागल्या. म्हणून मोटरवरची पाटी वाचा, २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ, सिंगल फेज लिहिलेलं पाहिजे. आणि क्लच मोटर आहे की सर्वो ते विचारा. क्लच मोटर स्विच चालू केल्यापासून घुमत राहते, तुम्ही कापड लावत बसला तरी वीज खातेच, आणि पायाखाली एकदम पळते, नव्या बाईला सांभाळत नाही. सर्वो पाय दाबला तरच फिरते, वेग पाहिजे तेवढा ठेवता येतो. तुमच्यातल्या तिघी पहिल्यांदाच पॉवर मशीनवर बसणार म्हणालात, तर सर्वोच पाहिजे. मशीनला क्लच असेल तर नव्या सर्वोची किंमत आजच विचारून घ्या आणि हिशोबात धरा.

दोरा आपोआप कापणारं, पॅनल असलेलं मशीन दाखवलं तर मोहात पडू नका. चालतंय तोवर छान, कंट्रोल बॉक्स गेला की त्याची किंमत ऐकून मशीन कोपऱ्यात जातं. कात्रीने दोरा कापायला काही जड नाही.

ओव्हरलॉकचं थोडक्यात सांगतो, थोडक्यात एवढ्यासाठी की त्यात शंका असेल तर ती जुनी घेऊच नका, नवी घ्या. तिच्यात लूपर (खालचे दोरे गुंफणारे आकडे), सुऱ्या, दोन प्रकारचे दाते, सगळं एवढ्याशा जागेत हजारो टाक्यांनी पळतं आणि झीज झाली की धरायला जागा राहत नाही. बघायचंच असेल तर कापड न घालता चालवा, साखळी सलग आणि सारखी पडली पाहिजे, मध्येच सुटता कामा नये. सुरीने तुमच्या शर्टिंगची कड काचेसारखी कापली गेली पाहिजे, दशा निघाल्या तर सुरी बोथट किंवा बसवलेली चुकीची. मशीन बंद करून लूपर बोटाने हलवून बघा, ढिला असेल तर नको. आणि पाटीवरचं मॉडेल बघून तिला कुठली सुई लागते ते आधी दुकानात विचारा, ओव्हरलॉकच्या सुया मशीनप्रमाणे बदलतात, जुकीच्या एमओ ६७०० मालिकेला डीसीएक्स२७ लागते. सुईच सांगलीत मिळत नसेल अशी मशीन मी घेऊ देणार नाही.

पैशाचं असं करा. आधी दोन दुकानात नव्या मशीनचा पूर्ण सेटचा भाव विचारा, म्हणजे हेड, टेबल, स्टँड, सर्वो मोटर, फिटिंग सगळं धरून. मग जुन्याची किंमत अधिक शटल, दाते, सुईपट्टी, मोटर, पट्टा, बॉबिन भरायचा वाइंडर, दोऱ्याचा स्टँड, गुडघ्याची दांडी, जे जे नाही किंवा बदलायचं आहे ते सगळं मिळवा, वर टेम्पोचं भाडं आणि मेकॅनिकची मजुरी. ही बेरीज नव्याच्या साठ टक्क्यांच्या वर गेली तर मी नवं घ्यायला सांगतो, गॅरंटी तरी मिळते. चाळीसच्या आसपास आली आणि वरच्या सगळ्या तपासणीत पास झालं तर बिनधास्त घ्या. तिन्ही घ्यायलाच पाहिजेत असंही नाही. दोन चांगली निघाली तर दोन घ्या. पण घेणार ती एकाच मॉडेलची घ्या, म्हणजे बॉबिन, फूट, सुया अदलाबदल करता येतात आणि एक बंद पडली तर तिचा पार्ट दुसरीला लावून ऑर्डर पुरी होते.

बिल घ्या, साध्या कागदावर का असेना, पण त्यावर प्रत्येक हेडचा सिरियल नंबर, विकणाऱ्याचं नाव-पत्ता आणि सही पाहिजे. बँकेचे हप्ते थकलेल्या युनिटची मशिनं रात्रीतून विकली जातात, नंतर कुणी दारात आलं तर तुमच्याकडे कागद पाहिजे. पैसे गटाच्या खात्यातून द्या, रोख नको. आणि आठ दिवसांत बिघाड निघाला तर काय, हे बिलावरच लिहून घ्या, चांगलं मशीन असलेला माणूस लिहून देतो.

जमलं तर तुमच्या ओळखीचा मेकॅनिक सोबत न्या, पण विकणाऱ्याने सुचवलेला नको. त्याला दिवसाची मजुरी तुम्ही द्या, म्हणजे तो तुमच्या बाजूने बोलेल.

नेताना हेड टेबलावरून उतरवूनच न्या, जोडलेलं तसंच टेम्पोत टाकलं तर बिजागऱ्या मोडतात. तेल काढून टाका, नाहीतर कापडापासून टेम्पोपर्यंत सगळं तेलकट. हेड गोणपाटात गुंडाळा, सुई काढून ठेवा, फूट खाली करून त्याच्याखाली कापडाची घडी घाला. घरी बसवल्यावर ट्रे पुसून नवं पांढरं मशीन ऑइल वरच्या खुणेपर्यंत भरा, सर्वोचा वेग कमी ठेवून पहिली दहा मिनिटं मोकळी चालवा, खिडकीत तेल उडताना दिसलं की मग कापड लावा. पहिला दिवस फक्त जुन्या कापडावर, आणि पहिल्या महिन्यानंतर ते तेल एकदा बदलून टाका, काढलेलं तेल पांढऱ्या वाटीत घेऊन उन्हात बघा, भुकटी चमकली तर मला फोटो पाठवा.